जुन्या चांदीच्या रुपयावरील साच्याचे भेद आणि टंकनदोष कसे ओळखावेत

चांदीचा जुना रुपया हाती आला की त्यावर वेगळी दिसणारी प्रत्येक रेघ म्हणजे 'मिंट एरर', अर्थात टांकसाळीत झालेली चूक, असे समजण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. प्रत्यक्षात अशा बहुतेक रेघा नाणे गल्ल्यात घासले गेल्यावर किंवा सोनाराच्या हाताखालून गेल्यावर आलेल्या असतात. म्हणून तपासताना एकच प्रश्न विचारावा: हे वैशिष्ट्य नेमके केव्हा निर्माण झाले? साचा घडवतानाच पडलेला फरक त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी दिसतो, तो साच्याचा भेद. ठसा उमटवताना झालेली चूक बहुधा त्या एकाच नाण्यापुरती असते, तो टंकनदोष. टांकसाळीबाहेर जे घडले ती निव्वळ इजा.

नाणे हाताने पाडलेले आहे की यंत्रावर, हे सर्वांत आधी ठरवावे. मराठेशाहीतील अंकुशी किंवा चांदवडी रुपये हातोड्याने पाडलेले असत आणि त्यांचा साचा बहुधा चकतीपेक्षा, म्हणजे ठसा मारायच्या कोऱ्या तुकड्यापेक्षा, मोठा असे. त्यामुळे त्यांवरील फारसी अक्षरे कडेला तुटलेली असणे किंवा ठसा एका बाजूला सरकलेला असणे हीच तिथली रीत होय, दोष नव्हे. पुढील विवेचन १८३५ पासूनच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश राजवटीच्या, यंत्रावर पाडलेल्या रुपयांना लागू पडते. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणि एका बाजूने पाडता येईल असा दिवा, इतके साहित्य पुरते. नाणे कडेने धरावे आणि तपासणीपूर्वी चिंच-लिंबाने मुळीच घासू नये, कारण तसे केल्याने बारीक खुणा तर जातातच, शिवाय नाण्याची किंमतही घसरते.

दिवा तिरपा ठेवून संशयास्पद रेघ पाहावी. साच्याला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच उमटते. अशा रेघेची दिव्याकडील बाजू उजळ आणि पलीकडची काळी दिसते. ओरखडा खोल असल्याने त्याचे नेमके उलटे होते. तड्याची रेघ बहुधा कडेपासून निघते आणि अक्षरांवरून न थांबता जाते. सराफांनी चांदी पारखण्यासाठी मारलेले छोटे ठसे आणि दागिन्यात ओवण्यासाठी लावलेल्या कडीच्या झाळकामाचे डाग यांना तर दोष म्हणूच नये, मग विकणारा काहीही सांगो.

साच्याचे भेद शोधायला १८४० चा रुपया उत्तम. एका प्रकारात राणी व्हिक्टोरियाचे नाव डोक्यावरून सलग फिरते, तर दुसऱ्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना विभागलेले असते. विभागलेल्या प्रकारात मागच्या बाजूच्या पानांच्या वेढ्यातील फळे मोजावीत. ती काही साच्यांत २८, तर काहींत ३४ किंवा ३५ भरतात. झिजलेल्या नाण्यावर फळ पानात मिसळून जाते, म्हणून फळाऐवजी त्याचा देठ मोजणे अधिक भरवशाचे ठरते. त्याआधीच्या, १८३५ च्या राजा चौथ्या विल्यमच्या रुपयावर मानेच्या कापावर, म्हणजे चित्रातील मान जिथे संपते तिथे, 'एफ' किंवा 'आर एस' ही अक्षरे आहेत की जागा कोरी आहे, आणि 'एफ' असल्यास ते उठावाचे आहे की खोलगट, एवढे पाहिले तरी वर्गवारी होते. १८६२ हे साल असलेले रुपये पुढेही कित्येक वर्षे पाडले जात होते आणि प्रत्यक्ष साल १८७४ पासून येऊ लागले. मधल्या काळात मुंबईच्या टांकसाळीने सालाच्या आसपास खुणेसाठी जे ठिपके दिले, ते घाणीचे कण समजून खरवडणारे लोक मी पाहिले आहेत.

१९११ च्या रुपयावर राजा पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, हा टंकनदोष नव्हे. ते मूळ चित्रच तसे होते. सुमारे ९४ लाख नाण्यांपैकी सुमारे ७ लाखच व्यवहारात आली, उरलेली वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट करण्यात आली.

खऱ्या टंकनदोषांत ब्रोकेज सर्वांत देखणा, आणि नकलाही त्याच्याच अधिक. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले की पुढच्या चकतीच्या एका बाजूस नेहमीचा ठसा उमटतो आणि दुसऱ्या बाजूस तेच चित्र उलटे व खोलगट येते. शिकंजात दोन नाणी दाबून अशी नक्कल केली जाते. पण तेव्हा दुसऱ्या बाजूवर आधीच असलेला ठसा चेपला जातो आणि खोलगट चित्राखाली त्याची अक्षरे भिंगातून अंधूक का होईना दिसतात. दोन नाणी कापून जोडलेली असतील तर कडेच्या दात्यांमध्ये बारीक सांधा सापडतो आणि वजनही बहुधा चुकते. वापराने झिजलेला रुपया काही दशांश ग्रॅम हलका भरेल, पण ठसठशीत दिसणारा रुपया अकरा ग्रॅमच्या खाली भरला, तर तो घेऊ नये.