पकडलेली मासळी ताटात येईपर्यंत

मासळी स्वयंपाकघरात बिघडते त्याहून कितीतरी अधिक वेळा ती किनाऱ्यावर, होडीत किंवा स्कूटरच्या हुकाला लटकवलेल्या पिशवीत बिघडते. गोव्यात मांडवी, झुआरी, शापोरा आणि साळ या नद्यांच्या काठी गरवायला बसणारे पुष्कळ आहेत, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जाताना वाळूवरच बांगडे-तारले घेणारे आहेत, आणि मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर लागण्याची वाट पाहणारेही आहेत. या सर्वांच्या हाती पडणारी मासळी उत्तम असते. पुढच्या दोन-तीन तासांत तिचे काय करायचे, हे मात्र अनेकदा ठरलेले नसते. हे टिपण प्रामुख्याने त्या तासांविषयी आहे.

मासा मेल्यानंतर त्याच्यात काय घडते हे कळले, की बाकीच्या सूचना लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. स्नायूंत साठवलेली ऊर्जा संपते, मासा ताठ होतो आणि काही काळाने तो ताठरपणा उतरून मांस सैल पडू लागते. या काळात पोटातील पाचकद्रव्ये माशाचेच मांस पचवू लागलेली असतात. जिवंत, निरोगी माशाचे मांस आतून जवळजवळ निर्जंतुक असते. जिवाणू राहतात ते कल्ल्यांत, आतड्यात आणि कातडीवरच्या बुळबुळीत थरात. मासा मेला की त्यांना अडवणारे कोणी उरत नाही आणि ते मांसात शिरतात. समुद्रातील माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे गंधहीन द्रव्य असते. जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि मासळीचा म्हणून जो उग्र वास आपण ओळखतो तो मुख्यतः त्याचा. नुकत्याच पकडलेल्या माशाला समुद्राचा, किंचित शेवाळासारखा गंध येतो. या सगळ्या क्रिया उष्णतेत वेगाने चालतात आणि शून्य अंशाजवळ अतिशय मंदावतात, म्हणून मासा जितक्या लवकर आणि जितका पूर्ण थंड होईल तितका तो चांगला राहील.

तेव्हा गरी आणि आमिष गोळा करण्याच्या आधी बर्फाची सोय करावी. किती बर्फ लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३० अंशांवरचा एक किलो मासा शून्यावर आणण्यासाठी साधारण २४ किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, म्हणजे तत्त्वतः ३०० ग्रॅम बर्फ पुरतो. परंतु बर्फाच्या पेटीच्या भिंतींतून आणि झाकण उघडताना जी उष्णता आत येते तिच्यावर बर्फाचा मोठा वाटा खर्च होतो, त्यामुळे आपल्या हवेत माशाइतक्याच वजनाचा बर्फ घ्यावा आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याहूनही जास्त. बर्फाच्या कारखान्यातून आणलेली लादी बारीक फोडून घ्यावी, कारण मोठे खडे माशाला फक्त ठिकठिकाणी टेकतात आणि त्यांच्या टोकांनी मांस दबते. अशी लादी पुष्कळदा पिण्याच्या पाण्याची नसते; साफ केलेल्या माशाचे उघडे मांस तिच्यावर थेट ठेवू नये, घरचा बर्फ वापरावा किंवा मासा पिशवीत गुंडाळून ठेवावा.

गळाला लागलेला मासा वाळूवर किंवा होडीच्या तळाशी तडफडत मरू देणे ही सर्वांत मोठी हानी आहे, आणि ती सर्रास होते. तडफडताना त्याच्या स्नायूंतील साठा झपाट्याने संपतो, त्यामुळे ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो. शिवाय आपटून मांसात रक्त साकळते ते वेगळेच. चोणक, तांबोसा, गोबरा किंवा मोठ्या शेवट्यासारखा मासा हाती येताच डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर आखूड दांडक्याचा एक नेमका फटका देऊन तो लगेच मारावा. नंतर कल्ल्यांखालची जाड रक्तवाहिनी धारदार सुरीने कापून मासा डोके खाली करून समुद्राच्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत दहाएक मिनिटे ठेवावा. फटक्यानंतरही हृदय काही वेळ चालू असते आणि तोवरच रक्त नीट वाहून जाते, म्हणून हे काम पुढच्या माशासाठी गळ टाकण्याच्या आधी झाले पाहिजे. रक्त निघून गेलेल्या माशाचे मांस पांढरे राहते, त्याला लोखंडी चव येत नाही आणि ते शीतपेटीत अधिक टिकते. एकदा हा फरक चाखलेला माणूस पुन्हा रक्तासकट मासा घरी नेत नाही. मासे तोंडातून दोरी ओवून नदीत सोडून ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण कोमट पाण्यात ते गुदमरून, झगडत मरतात आणि केव्हा मेले हे आपल्याला कळतही नाही.

बांगडे, तारले, वेर्ली, मुडदुशी अशी लहान मासळी एकेक मारून रक्त काढणे शक्य नसते. तिच्यासाठी पेटीत दोन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग समुद्राचे स्वच्छ पाणी घालून दाट थंडगार मिश्रण करावे आणि मासे जिवंत असतानाच त्यात बुडवावेत. खाऱ्या पाण्यामुळे मिश्रणाचे तापमान शून्याच्याही किंचित खाली जाते आणि पाणी माशाला सर्व बाजूंनी भिडते, त्यामुळे मासा नुसत्या बर्फाच्या खड्यांत ठेवल्यापेक्षा खूप लवकर थंड होतो. अर्ध्या-पाऊण तासानंतर पाणी काढून टाकून मासे बर्फाच्या थरांत लावावेत: खाली बर्फ, त्यावर माशांची एक ओळ, पुन्हा बर्फ, आणि सर्वांत वर जाड थर. पेटीला तळाशी भोक असावे, कारण वितळलेल्या पाण्यात तासन्‌तास पडलेल्या माशाची चव निघून जाते आणि कल्ल्यांतली घाण सगळ्या माशांना लागते. मासे सरळ ठेवावेत. वाकड्या स्थितीत ताठ झालेला मासा जोराने सरळ केला, तर आतले मांस फाटते. बादलीचे पाणी जेटीजवळचे मात्र कधीही घेऊ नये, तिथे डिझेल आणि सांडपाणी मिसळलेले असते.

पोट साफ करण्याचा नियम माशाच्या आकाराप्रमाणे बदलतो. मोठ्या माशाचे पोट आणि कल्ले शक्य तितक्या लवकर काढावेत, आतडे न फोडता, आणि कण्याखालची काळपट रक्ताची रेघ बोटाने किंवा चमच्याने खरवडून काढावी. आतून थोडे धुऊन पोटात बर्फ भरावा. लहान मासळी किनाऱ्यावर चिरत बसू नये. ती अखंड बर्फात टाकणे हेच अधिक हिताचे असते, कारण चिरण्यात वेळ जातो आणि जिवाणूंना नवे तोंड मिळते. तारल्यांच्या बाबतीत मात्र घरी पोचताच पोट काढावे. भरपूर चरून आलेल्या तारल्यांची पाचकद्रव्ये इतकी तीव्र असतात, की काही तासांतच पोट फुटून आतले बाहेर येते.

बांगडा, तारले आणि कुपा (ट्यूना) यांच्याविषयी अधिक काटेकोर राहण्याचे एक कारण आहे आणि ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा उन्हात राहिला, की काही जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात, आणि ते एकदा तयार झाले की शिजवून, तळून किंवा गोठवूनही नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोनेक तासांत चेहरा लाल होणे, अंगावर गांधी उठणे, डोके ठणकणे, छातीत धडधडणे असा त्रास होऊ शकतो; लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात आणि पुढे बांगडाच सोडून देतात. माशाला वास येत नाही म्हणजे हिस्टामिन नाही, असेही नाही. यावर उपाय एकच, सुरुवातीपासून बर्फ. दुपारभर टोपलीत उघड्यावर राहिलेले बांगडे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, आणि खाताना जिभेला तिखटासारखे चुरचुरले तर घास बाजूला ठेवावा.

मोरी (लहान शार्क) आणि वागळे (पाकट) यांच्या रक्तात व मांसात युरिया असतो आणि त्याचा अमोनिया होतो. त्यांचे रक्त आणि पोट हातात येताच काढले नाही, तर पुढे कोणताही मसाला तो वास झाकू शकत नाही. कोळंबीची डोकी लवकर काढावीत, कारण पाचक ग्रंथी डोक्यात असते आणि तिच्यामुळे मांस भुसभुशीत होते. कवचावर येणारे काळे डाग हवेच्या संपर्कात होणाऱ्या क्रियेमुळे पडतात, म्हणून कोळंबी बर्फात पूर्ण झाकलेली असावी. कुर्ल्या (खेकडे) शिजवेपर्यंत जिवंतच ठेवायच्या असतात. त्यांचे आंगडे (नांग्या) बांधून त्या ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवाव्यात, गोड्या पाण्यात बुडवू नयेत, आणि मेलेली कुर्ली केव्हा मेली हे माहीत नसेल तर ती टाकून द्यावी. तिसऱ्या, खुबे आणि शिणाणे यांनाही हाच नियम लागू आहे: मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्यास वाळू सुटते, पण शिंपला टकटक केल्यावरही मिटत नसेल तर तो घेऊ नये.

मानशीवर (खाजणाच्या बांधातील पाण्याच्या दारावर) रात्रीच्या ओहोटीला धरलेले शेवटे आणि कालुंदरे पहाटे मिळाली, तर त्यांच्यासारखी ताजी मासळी दुसरी नाही. बाजारातून घ्यायची असल्यास डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले तांबडे, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारे, आणि कातडीवरचा थर पारदर्शक, एवढे तरी पाहावे. जुलै २०१८ मध्ये गोव्यात मासळीला लावल्या जाणाऱ्या फॉर्मेलिनवरून (मासा न कुजता ताठ ठेवणारे विषारी रसायन) मोठे वादळ उठले, तेव्हापासून लोक अधिक सावधपणे मासे घेतात, आणि हे योग्यच आहे. तरी केवळ ताठपणावरून ताजेपणा ठरवू नये, कल्ल्यांचा वास घेऊन पाहावा. मासा घेतला की तो पणजीहून फोंड्याला किंवा मडगावहून काणकोणला नेताना डिकीत बर्फाची पेटी हवीच.

घरी आल्यावर मासा साफ करून, नळाखाली थोडा धुऊन, पूर्ण निथळून घ्यावा. घरच्या फ्रिजचे तापमान साधारण ४ ते ५ अंश असते आणि माशासाठी ते पुरेसे थंड नाही. म्हणून चाळणीत बर्फ घालून त्यावर पिशवीत बंद केलेला मासा ठेवावा, चाळणीखाली भांडे ठेवावे आणि हे सर्व सर्वांत खालच्या, मागच्या बाजूला असावे. अशा प्रकारे मासा दोन दिवस चांगला राहतो. बांगडे आणि तारले मी दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवत नाही. मीठ, हळद आणि आमसूल लावून ठेवल्याने वरचे जिवाणू काही प्रमाणात थोपतात, पण मीठ मांसातील पाणी ओढून घेते. तळणाचे मीठ-मसाले तळण्याच्या अर्धा तास आधीच लावावेत.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीबंदी असते, म्हणून मे महिन्याच्या शेवटी अनेक घरांत फ्रीजर भरला जातो. तो एकाच दिवशी भरू नये. एक किलोची गाठोडी आत टाकली की ती सावकाश गोठतात, मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फुटतात आणि वितळल्यावर सगळा रस पाण्याबरोबर निघून जातो. एका जेवणाला पुरेल एवढ्या इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या पुसून, पातळ पसरून, हवा काढून पिशवीत भराव्यात आणि त्यावर तारीख लिहावी. कोळंबी डब्यात पाणी घालून गोठवली तर कोरडी पडत नाही. उणे १८ अंशांवर तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत संपवावेत. चोणक किंवा तांबोसा सहा महिनेही राहतो. पावसाळ्यात वीज गेल्यास फ्रीजर उघडू नये. बंद ठेवलेला पूर्ण भरलेला फ्रीजर सुमारे दोन दिवस आणि अर्धा भरलेला सुमारे एक दिवस थंडी धरून ठेवतो.

वितळवण्यासाठी मासा आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात, ताटलीवर ठेवावा. ओट्यावर किंवा गरम पाण्यात वितळवल्यास बाहेरचे मांस तासभर उबदार राहते आणि आत अजून बर्फ असतो. घाई असेल तर घट्ट बंद पिशवीसकट थंड पाण्यात ठेवून पाणी अधूनमधून बदलावे. वितळलेला कच्चा मासा पुन्हा गोठवू नये. तुकड्या जास्त निघाल्या असतील तर सगळ्यांचे हुमण (माशाची आमटी) करावे, ते निवताच फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणून, आटवून, उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खावे.