घरी भरलेल्या रिव्हॉल्व्हर काडतुसांतील प्रायमरचे दोष कसे ओळखावेत

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज .३८ स्पेशलसारख्या रिव्हॉल्व्हर काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. पुंगळीच्या बुडातील खाचेत प्रायमर बसवतात; ठोका बसताच पेट घेऊन आतली दारू पेटवणारी ही छोटी वाटी असते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यास परवाना लागतो. त्यामुळे हा छंद जेथे कायदेशीर आहे, तेथील वाचकांसाठीच हे लिहिले आहे.

चाप ओढूनही काडतूस उडाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान ३० सेकंद थांबावे. चाप लगेच पुन्हा ओढू नये, कारण त्याने सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसवलेला गोल भाग, फिरतो आणि उशिरा पेट घेणारे काडतूस नळीच्या रेषेतून बाजूला गेल्यावर फुटू शकते. थांबून झाल्यावर तेच काडतूस पुन्हा घोड्यासमोर, म्हणजे प्रायमरला ठोका देणाऱ्या भागासमोर, आणून एकदाच झाडून पाहावे. दोषाचा उलगडा बहुतेक वेळा येथेच होतो.

दुसऱ्या ठोक्याला ते उडाले, तर प्रायमर पुरता आत बसलेला नव्हता असे समजावे. प्रायमरच्या वाटीत स्फोटक मिश्रण आणि त्याला टेकून छोटी ऐरण असते. ऐरणीचे पाय खाचेच्या तळाला टेकलेले नसतील, तर पहिल्या ठोक्याचा जोर प्रायमर आत ढकलण्यातच खर्च होतो. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा साधारण ०.००३ ते ०.००५ इंच आत असावा. बुडावरून बोट फिरवले, तर किंचित वर राहिलेला प्रायमरही हाताला जाणवतो. सिलिंडर अडखळत फिरणे हीसुद्धा त्याचीच खूण. खाचेतील जुनी काजळी साफ केली की हा दोष बहुधा जातो. मात्र दारू आणि गोळी बसवून झाल्यावर वर राहिलेला प्रायमर दाबून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आधी गोळी काढून दारू रिकामी करावी.

प्रायमर नीट बसलेले असूनही ठोक्याचे वण उथळ दिसत असतील, तर दोष शस्त्रात शोधावा. स्मिथ अँड वेसनच्या अनेक रिव्हॉल्व्हरांत मुठीच्या पुढील बाजूचा स्क्रू घोड्याच्या स्प्रिंगवर ताण देतो. चाप हलका व्हावा म्हणून कोणी तो सैल केला असेल, तर घोडा दुबळा पडतो. कारखान्यातील काडतुसेही तशीच फसली, तर शंका उरत नाही. वण खोल असूनही काडतूस उडत नसेल, तर प्रायमरला ओल किंवा तेल लागले असावे, अथवा बसवताना तो चिरडला असावा.

उडालेल्या पुंगळीतून प्रायमर मागे सरकलेला दिसला, तर दाब कमी पडल्याची शक्यता असते. तेव्हा काडतुसे भरण्याच्या मॅन्युअलमधील दारूची किमान मात्रा पडताळावी, अंदाजाने दारू वाढवू नये.

नेहमीच्या धमाक्याऐवजी नुसता ‘फट्’ आवाज आला, तर मात्र गोळीबार तत्काळ थांबवावा. पुंगळीत दारूच पडली नसेल, तर एकट्या प्रायमरचा जोर गोळीला नळीत नेऊन अडकवतो आणि तिच्यामागून झाडलेली पुढची गोळी नळी फोडू शकते. म्हणून सिलिंडर रिकामा करून नळीतून सळई आरपार जाते याची खात्री झाल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नये.