जुन्या घरात हीट पंप बसवताना या चुका टाळा

आपल्याकडे हीट पंप घेतला जातो तो आंघोळीच्या पाण्यासाठी. युरोपात याच जातीच्या यंत्रावर अख्खे घर उबदार ठेवतात. पुण्या-नाशकात ते गिझरची किंवा गच्चीवरच्या जुन्या सोलरची जागा घेते. आत कॉम्प्रेसर, पंखा आणि गॅस असतो. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्याला देतो. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला साधारण 7 युनिट उष्णता लागते. गिझर ती सगळी विजेतून काढतो. हीट पंपाला हवा नीट मिळाली तर तेच काम दोन-अडीच युनिटांत होते.

तरीही बसवल्यावर महिन्याभरात तक्रार येते: बिल उतरले नाही, पाणी कोमटच येते, गच्चीवर सारखे पाणी साचते. यंत्र उघडून पाहिले तर त्यात दोष क्वचितच सापडतो. घर जुने असते, आणि त्याची पाइपलाइन, पाण्याचा दाब, यंत्र ठेवायची जागा यांकडे बसवण्याआधी कुणी पाहिलेलेच नसते.

डक्टमध्ये कोंडलेले यंत्र

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जागा वाचावी म्हणून यंत्र बाथरूमच्या डक्टमध्ये, जिन्याखाली किंवा चारी बाजूंनी पत्रे ठोकलेल्या शेडमध्ये बसवतात. पंखा जी हवा बाहेर फेकतो ती आत घेतलेल्या हवेपेक्षा बरीच थंड असते. ती निघून गेली नाही तर यंत्र तीच पुन्हा आत ओढते आणि दर फेरीला जास्त थंड हवेतून उष्णता काढायला धडपडते. अडीच तासांचे काम पाच तासांवर जाते.

तपासणी सोपी आहे. यंत्र अर्धा तास चालू द्या. साधा डिजिटल थर्मामीटर हवा आत जाणाऱ्या जाळीजवळ धरा, मग गच्चीच्या मोकळ्या सावलीत. जाळीजवळ तीन-चार अंश कमी दिसले तर हवा फिरून परत येते आहे. मागे किमान एक फूट आणि हवा फेकणाऱ्या तोंडासमोर चार-पाच फूट मोकळी जागा ठेवा. मॅन्युअलमध्ये यापेक्षा जास्त लिहिले असेल तर तेवढी. वरून छप्पर चालेल, बाजू मोकळ्या हव्यात.

गच्ची उत्तम, पण तिथेही दोन गोष्टी हमखास चुकतात. भरलेली 200 लिटरची टाकी यंत्रासकट पावणेतीनशे-तीनशे किलो भरते. हा भार स्लॅबच्या मधोमध किंवा छज्जावर नको, खाली भिंत किंवा बीम आहे तिथेच हवा. आणि स्टँडसाठी कोब्यात ड्रिल मारू देऊ नका. जुन्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग त्या चार भोकांतून संपते आणि पहिल्याच पावसात खालच्या खोलीचे छत ओले दिसते. कोब्याच्या वर सिमेंटचे ठोकळे ओता, त्यांवर रबरी पॅड आणि मग स्टँड. खाली झोपायची खोली असेल तर रबरी पॅडशिवाय कॉम्प्रेसरची घरघर रात्री छतातून ऐकू येते.

गिझरची सवय हीट पंपाला लावणे

15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवतो, म्हणून घरात सवय असते ती उठल्याबरोबर बटण दाबायची. 3 किलोवॉट उष्णता देणाऱ्या हीट पंपाला 200 लिटरसाठी अडीच तास लागतात, हिवाळ्यात तीन. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा 10 च्या खाली जातो. त्याच गच्चीवर दुपारी 27-28 अंश असतात. टायमर दुपारी 12 ते 4 वर लावा. टाकीचे इन्सुलेशन चांगले असेल तर सकाळपर्यंत चार-पाच अंशच उतरतात. छतावर सोलर पॅनेल असतील तर त्यांची वीजही याच वेळी तयार होत असते.

तापमान 50 ते 55 वर ठेवा. 'कडक पाणी हवे' म्हणून 65-70 लावले की कॉम्प्रेसरवरचा ताण वाढतो, फायदा घटतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये आतला हीटर आपोआप सुरू होतो. मग तो 200 लिटरचा गिझरच झाला. टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा 60 अंशांवर नेणे मात्र जरूर करा. त्या दिवशी लहान मुले आणि म्हाताऱ्या माणसांना नळ सोडताना सांभाळावे लागते. 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत पोळते.

बिल का उतरत नाही हे पाहायला वायरमनकडून क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारे यंत्र) लावून घ्या. नुसता कॉम्प्रेसर चालू असेल तर घरगुती यंत्र साधारण 4 ते 6 अँपिअर घेते. 12-14 दिसले तर हीटर चालू आहे. सेटिंगमध्ये तो 'ऑटो'वर असतो, तिथून 'मॅन्युअल'वर घ्या, म्हणजे तो हाताने लावल्याशिवाय सुरू होणार नाही.

टाकी केवढी घ्यावी

बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांना 100-150 लिटर भरपूर होते. शॉवर असेल तर हिशेब बदलतो. एका शॉवरला 70 लिटर मिसळलेले पाणी धरा; हिवाळ्यात नळाचे पाणी 18 अंशांवर असताना त्यातले 40 लिटर टाकीतले असते. पाच माणसांचे 200 झाले. 'पुढे लागेल' म्हणून 300 घेतली तर रोज न वापरलेले पाणी जपण्यात वीज जाते.

दाबाचा घोळ

जुन्या बंगल्यात ओव्हरहेड टाकी गच्चीवरच दीड-दोन मीटर उंच असते. 10 मीटर उंचीला 1 बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्याच्या शॉवरला अर्ध्या बारच्याही आत. मग कुणीतरी प्रेशर पंप बसवतो. जुन्या सोलरसाठी आणलेली, दाब न सोसणारी टाकी त्याच लाइनवर राहिली तर ती शिवणीवर फाटते. प्रेशर पंप असेल तर दाब सोसणारी टाकीच हवी. दाब न सोसणारी टाकी ठेवायची असेल तर लाइनवर पंप नको, आणि तिचा हवेचा पाइप ओव्हरहेड टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर गेला पाहिजे. नाहीतर त्यातून अखंड पाणी सांडते.

दाबाच्या टाकीवरचा सेफ्टी वॉल्व्ह रोज थोडा गळतो आणि प्लंबर त्याला प्लग मारून मोकळा होतो. हे जिवावर बेतू शकते. 200 लिटर पाणी 25 वरून 55 ला गेले की सव्वादोन लिटरच्या आसपास फुगते. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न वॉल्व्ह (पाणी उलटे फिरू न देणारा) असेल तर त्या वाढीव पाण्याला सेफ्टी वॉल्व्हमधून बाहेर पडण्यावाचून वाट नसते. नॉन-रिटर्न आणि टाकी यांच्यामध्ये 8 ते 12 लिटरचे एक्सपान्शन व्हेसल, म्हणजे फुगलेले पाणी सामावणारे हवेचे छोटे भांडे, बसवा, त्यातली हवा लाइनच्या दाबाइतकी भरा, गळती थांबेल. सेफ्टी वॉल्व्हचे तोंड मात्र कायम उघडे आणि खाली वळवलेले असू द्या.

टाकी कढत, नळाला कोमट

या तक्रारीवर लोक थर्मोस्टॅट बदलतात, गॅस भरतात. कारण बहुतेक वेळा बाथरूमच्या भिंतीत असते. थंड पाणी प्रेशर पंपावरून आणि गरम नुसत्या उतारावरून येत असले की डायव्हर्टरमधून (गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या शॉवरच्या मिक्सरमधून) थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसते. हेल्थ फॉसेटच्या बटणाने पाणी अडवून मागचा मिक्सर उघडाच ठेवण्याची सवय असेल तर हे दिवसभर चालते.

ओळखायचे असे: टाकीकडे जाणारा थंड पाण्याचा वॉल्व्ह पूर्ण बंद करा. घरातला एक गरम नळ उघडा आणि हात धारेखाली धरा. पाइपमधले पाणी निथळून थोड्या वेळात धार थांबायला हवी. ती थांबली नाही आणि पाणी गार होत गेले तर कुठेतरी थंड लाइन गरम लाइनला मिळालेली आहे. आता एकेका बाथरूमचे स्टॉपकॉक बंद करत जा. ज्या बाथरूमचा बंद केल्यावर धार तुटेल तिथला डायव्हर्टर दोषी. त्याचे कार्ट्रिज (आतला पाणी मिसळणारा भाग) बदला, पण मूळ उपाय म्हणजे गरम आणि थंड दोन्ही लाइनी एकाच दाबावर आणणे.

लांब आणि उघडे पाइप

गरम पाण्याच्या पाऊण इंची सीपीव्हीसी (प्लास्टिक) पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावते. टाकी ते नळ 20 मीटर अंतर असेल तर दर वेळी 5 लिटर गार पाणी आधी वाहून जाते. बादली लावून मोजा, आकडा कळेल. टाकी जास्त वापराच्या बाथरूमवर आणणे हा पहिला उपाय. ते शक्य नसेल तर नळाजवळचे गार पाणी टाकीकडे नेणारी परतीची लाइन आणि छोटा पंप, पण सकाळच्या तासाभराच्या टायमरवर. चोवीस तास फिरवला तर पाइप रेडिएटर होतात. गच्चीवरच्या पाइपांना 13 किंवा 19 मिलिमीटर नायट्राइल फोम आणि त्यावर उन्हापासून आवरण हवे. नुसता फोम उन्हाने दोन-तीन वर्षांत भुगा होतो. गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी पाइप कुठेही चालत नाही, एक वितीचा तुकडासुद्धा.

बोअर आणि टँकरचे पाणी

पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने पाण्याचा कठीणपणा कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. बोअरचे पाणी याच्या कितीतरी पुढे असू शकते. 60 अंशांच्या वर चुन्याचे थर झपाट्याने धरतात, म्हणूनही 55 बरे. क्लोराइड जास्त असेल तर 304 स्टीलच्या टाकीला शिवणीजवळ बारीक भोके पडतात. तिथे एनॅमलची टाकी आणि टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियम रॉड घ्या. रॉड वर्षातून एकदा काढून पाहा. तो अर्ध्याहून झिजला की बदला. तो संपला की गंजाची पाळी टाकीवर येते.

वीज आणि निचरा

स्वतंत्र 16 किंवा 20 अँपिअरचा एमसीबी, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), किमान 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, गच्चीपर्यंत लांब ओढायची असेल तर 4. जुन्या घरात अर्थिंग नावालाच असते, ते आधी तपासा. टाकी भरून सगळ्या गरम नळांची धार हवेचे फटके न देता सलग येईपर्यंत वीज चालू करू नका. कोरडा हीटर मिनिटभरात जळतो.

पावसाळ्यात यंत्राखाली पाणी दिसले की टाकी फुटली असे समजू नका. दमट हवेतले पाणी थंड कॉइलवर ठिबकते, कोकणात तर दिवसाला काही लिटर. त्याची नळी उताराने थेट मोरीत किंवा पन्हाळीत सोडा आणि शेवाळ धरू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडी एकदा धुऊन घ्या. पाणी नळीतूनच येते की टाकीच्या तळातून, हे यंत्र चार तास बंद ठेवले की कळते. कॉइलचे ठिबकणे तोवर थांबलेले असते.