आखूड केसांच्या टेरियरचे केस बाजेवर येऊ नयेत म्हणून

जॅक रसेलसारख्या आखूड केसांच्या टेरियर जातीच्या कुत्र्याचे केस सुईसारखे गोधडीत रुततात. झाडूने निघत नाहीत, झटकूनही नाही. उन्हाळा लागताना तर जास्तच. ग्रूमिंगवाला, म्हणजे कुत्र्याचे केस विंचरून-धुऊन देणारा, गाठायला नागपूर-अमरावतीपर्यंत कोण जाणार? पण तो जे करतो, त्यातलं बरंचसं घरी जमतं. लागतो फक्त भांडी घासायचा, खरबरीत तळव्याचा रबरी हातमोजा.

१. आंघोळीआधी, अंग कोरडं असताना, कुत्र्याला सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात न्या. मोजा घालून मानेपासून शेपटीकडे गोल-गोल चोळा. पाच मिनिटांत तळव्यावर केसांचा पापुद्रा जमतो, तो सोलून टाका. पोट आणि पायांवर हात हलका ठेवा.

२. कुत्र्यांचा शॅम्पू लावून फेसातही तसंच चोळा. सैल झालेले केस इथेच सुटतात. आपला साबण नको, कातडी कोरडी पडते.

३. शॅम्पू पूर्ण धुऊन काढा. टॉवेलने पुसा, वाळल्यावर पुन्हा एकदा मोजा फिरवा.

आंघोळ महिन्यातून एकदा पुरे, कोरडं चोळणं मात्र आठवड्यातून दोनदा. हाताला गोचीडही लागते, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात नक्की चाचपा.

मोजा नवाच घ्या. कपाशीच्या फवारणीला वापरलेला, कितीही धुतलेला असला तरी, कुत्र्याच्या अंगाला लावू नका. ते अंग चाटतं, विष थेट पोटात जातं. आणि उन्हाळा आहे म्हणून केस भादरू नका, पांढऱ्या कुत्र्याची कातडी भाजते.