टेम्पोचा मार्ग जेनेटिक अल्गोरिदमने कसा शोधावा: क्रॉसओव्हर आणि म्युटेशन

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरलेला टेम्पो निघतो, आठ ठिकाणी माल उतरवून यार्डात परत येतो. कोणत्या क्रमाने गेलं तर अंतर कमीत कमी होईल? आठ थांब्यांचे ४०,३२० क्रम होतात आणि ते संगणक सहज तपासतो. वीस थांबे झाले की हाच आकडा २४ वर १७ शून्यं इतका फुगतो. जेनेटिक अल्गोरिदम लागतो तो तिथं: बरेच क्रम घ्यायचे, त्यांतले चांगले निवडून त्यांची सरमिसळ करायची आणि पिढीमागून पिढी उत्तर सुधारत न्यायचं. तरी सुरुवात आठांनीच करा, कारण खरं उत्तर हाताशी असलं की आपला प्रोग्रॅम पारखता येतो.

आधी थांब्यांना क्रमांक द्या: १ शाहूपुरी, २ राजारामपुरी, ३ बिंदू चौक, ४ महाद्वार रोड, ५ रंकाळा, ६ फुलेवाडी, ७ कसबा बावडा, ८ ताराबाई पार्क. यार्ड दोन्ही टोकांना पक्कं, म्हणून ते यादीत नको. मग १०० यादृच्छिक क्रम तयार करा आणि यार्ड ते यार्ड प्रत्येकाचं एकूण अंतर काढा. पालक, म्हणजे ज्यांच्यापासून नवा क्रम बनवायचा ते क्रम, निवडताना दर वेळी कोणतेही तीन क्रम उचलून त्यांतला सर्वांत कमी अंतराचा घ्या.

नवशिक्यांची हमखास चूक होते ती क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे दोन पालकांचे भाग जोडून नवा क्रम (अपत्य) बनवताना. समजा पालक आहेत १२३४५६७८ आणि ८७३१६५२४. मधोमध कापून पहिल्याचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा भाग जोडला तर १२३४६५२४ मिळतं. टेम्पो राजारामपुरीला आणि महाद्वार रोडला दोनदा जाईल, कसबा बावडा आणि ताराबाई पार्क मात्र मालाविना राहतील. शून्य-एकच्या साखळीला चालणारी ही रीत क्रमाच्या प्रश्नाला चालत नाही. असं अपत्य दंड लावून (त्याचं अंतर मुद्दाम वाढवून धरून) ठेवू नका, नंतर दुरुस्त करत बसू नका. मुळात क्रॉसओव्हरच असा लिहा की थांबा गळणारही नाही आणि दोनदा येणारही नाही.

त्यासाठी ऑर्डर क्रॉसओव्हर वापरा. लॉरेन्स डेव्हिस यांनी तो १९८५ मध्ये मांडला. पहिल्या पालकातला एक तुकडा, समजा तिसऱ्या ते पाचव्या जागेवरचा ३४५, अपत्यात त्याच जागी ठेवा. दुसऱ्या पालकातून ३, ४, ५ वगळा, उरतात ८७१६२. रिकाम्या जागा याच क्रमाने डावीकडून भरा: ८७३४५१६२. बिंदू चौक–महाद्वार–रंकाळा हा सलग पट्टा एका पालकाकडून आला, बाकीच्यांचा आगेमागचा क्रम दुसऱ्याकडून. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या कापापासून, म्हणजे तुकडा संपतो तिथून, गोल फिरत भरायला सांगतात. यार्ड पक्कं असताना डावीकडून भरणं सोपं आणि पुरेसं आहे.

आता म्युटेशन, म्हणजे एकाच क्रमात केलेला छोटा यादृच्छिक बदल. वरच्या अपत्यात दोन दूरचे थांबे आपसांत बदलले, समजा ७ आणि ५, तर ८५३४७१६२ होतं आणि चार जोडण्या तुटतात. त्याऐवजी तुकडा उलटा करा: ३४५१ उलटवून ८७१५४३६२. इथं ७–३ आणि १–६ या दोनच जोडण्या तुटतात, म्हणून जमून आलेला मार्ग फारसा विस्कटत नाही. मार्गाच्या प्रश्नाला आमची पसंती उलटवण्याला. पण एकेरी रस्त्यांमुळे जाण्या-येण्याचं अंतर वेगळं असेल तर उलटलेल्या तुकड्यातलं अंतरही बदलतं. तेव्हा एक थांबा उचलून दुसरीकडे घालणं बरं.

प्रमाण सुरुवातीला असं ठेवा: क्रॉसओव्हर होण्याची शक्यता ०.८, म्युटेशनची दर अपत्याला ०.२, आणि सर्वोत्तम दोन क्रम जसेच्या तसे पुढच्या पिढीत. दर पिढीला शंभरांत वेगवेगळे क्रम किती उरले ते छापा. आकडा झरकन घसरला तर म्युटेशन वाढवा किंवा तीनाऐवजी दोनांतून निवड करा. दोन्ही पालक सारखेच असले की ऑर्डर क्रॉसओव्हर हुबेहूब तेच अपत्य देतो; तिथून पुढं नवं काही घडवतं ते फक्त म्युटेशन. उलट, सर्वोत्तम अंतर सुधारतच नाही आणि सरासरी पहिल्या पिढीइतकीच राहते, तर म्युटेशन जास्त झालं आहे.

शेवटी वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) दहा वेळा चालवा आणि ४०,३२० क्रमांतल्या खऱ्या उत्तराशी ताडून पाहा. आठ थांब्यांवरही ते बहुतेक वेळा मिळत नसेल तर वीस थांब्यांकडे वळू नका, आधी क्रॉसओव्हरचा कोड एकेक ओळ कागदावर करून बघा.