जुन्या व्हॅनागन कॅम्परमध्ये सुबारूचं इंजिन कसं बसवावं

फोक्सवॅगनची व्हॅनागन, त्यातही वेस्टफालिया या जर्मन कंपनीने सजवलेली कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं छोटं घर. छप्पर वर उचललं की ताठ उभं राहता येतं, गॅसची शेगडी आहे, फ्रीज आहे, मागची सीट आडवी केली की झोपायची सोय. अमेरिकेत 1980 ते 1991 या मॉडेलवर्षांत विकलेल्या या गाड्यांवर जीव टाकणारे लोक आजही आहेत. खोट आहे ती मागच्या इंजिनात. शेवटच्या वर्षांतलं 2.1 लिटरचं इंजिनसुद्धा जेमतेम 95 हॉर्सपॉवरचं. सगळा संसार घेऊन कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगराचा घाट चढू लागलं की मागे गाड्यांची रांग लागते. त्यात हेड गॅस्केटची (सिलिंडरच्या डोक्याखालच्या सीलची) गळती या इंजिनाच्या पाचवीलाच पुजलेली.

यावर रुळलेला उपाय म्हणजे नव्वदच्या दशकातल्या सुबारू लेगसीचं 2.2 लिटरचं इंजिन, ज्याला ईजे22 म्हणतात. ताकद 130 हॉर्सपॉवरच्या आसपास. तेही मूळ इंजिनासारखंच आडव्या सिलिंडरचं, त्यामुळे मागच्या सामानाच्या फळीखाली मावतं. फिरण्याची दिशाही तीच, म्हणून व्हॅनचा गिअरबॉक्स तसाच ठेवता येतो.

आधी कायदा बघा

गाडी खोलण्यापूर्वी आपल्या राज्याचा नियम वाचा. कॅलिफोर्नियात इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं आणि ते ज्या गाडीतून आलं तिची प्रदूषण नियंत्रणाची सगळी यंत्रणा सोबत यावी लागते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबासुद्धा. मग स्मॉग रेफरी, म्हणजे राज्याचा प्रदूषण तपासनीस, तपासणी करून गाडीवर लेबल लावतो. महाराष्ट्रात कुणी जुन्या टेम्पोवर असा प्रयोग करणार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आधी बघावं. आरटीओच्या मंजुरीशिवाय आणि आरसी बुकात नोंद झाल्याशिवाय इंजिन बदलता येत नाही.

इंजिन नव्हे, अख्खी गाडी घ्या

भंगारातून नुसतं इंजिन आणणं स्वस्त दिसतं, पण परवडत नाही. अपघातात पुढून शाबूत राहिलेली, चालू इंजिनाची अख्खी लेगसी मिळाली तर बघा. संगणक, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, रिले एकाच गाडीचे मिळतात आणि इंजिन चालवून, कॉम्प्रेशन तपासून घेता येतं. 1996 पर्यंतचं ईजे22 मिळालं तर उत्तम. त्यात टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. 1997 पासून ती मुभा राहिली नाही. सुबारूच्याच चार कॅमच्या जुन्या 2.5 लिटर इंजिनाच्या मोहात मात्र पडू नका. गॅस्केटच्या कटकटीतून सुटायचं म्हणून खर्च करायचा आणि तीच कटकट विकत घ्यायची, यात शहाणपण नाही.

इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि पुढचे-मागचे ऑइल सील बदलून टाका. फ्लायव्हीलच्या मागे तेल अडवणारी एक पत्री असते. ती प्लास्टिकची असेल तर धातूची लावा. नंतर तिथे पोचायला इंजिन परत उतरवावं लागतं.

उतरवणं आणि चढवणं

बॅटरी सोडा, पेट्रोलची लाइन बंद करा, गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. व्हॅनागनचं इंजिन खालून उतरतं. ते निघालं की गिअरबॉक्सला मागून आधार उरत नाही, तेव्हा त्याला आधी टेकू द्या. सुबारूचं इंजिन आणि फोक्सवॅगनचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट, जुळणारं फ्लायव्हील आणि क्लच लागतो. इंजिन धरणारा आडवा दांडाही वेगळा लागतो. हे सगळं तयार मिळतं, घरी कापाकापी करायची गरज नाही. सुबारूचं मूळ ऑइल चेंबर फार खाली लोंबतं, म्हणून बुटकं चेंबर आणि त्याच्या मापाचा, तेल ओढणारा पिकअप पाइप घ्या.

वायरिंग

वेळ खाणारं काम हे. लेगसीची वायरिंग सोडताना प्रत्येक कनेक्टरला कापण्यापूर्वी चिठ्ठी लावा. मग आकृती समोर ठेवून दिवे, वायपर, काचा यांच्या तारा काढून टाका आणि इंजिन, संगणक, मेन रिले, पेट्रोल पंपाचा रिले, चेक इंजिनचा दिवा आणि तपासणीचा सॉकेट तेवढा ठेवा.

एक तार हमखास विसरली जाते, ती वेगाची. सुबारूच्या संगणकाला गाडी किती वेगाने जातेय हे कळावं लागतं. व्हॅनागनमध्ये तर डाव्या पुढच्या चाकातून निघालेली केबल थेट स्पीडोमीटर फिरवते, विजेचा सिग्नल नाहीच. त्या केबलवर किंवा मीटरच्या पाठीमागे वेगाचा सेन्सर बसवावा लागतो. तो नसला की चेक इंजिनचा दिवा पेटतो आणि सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडू शकतं. मग लोक उगाच थ्रॉटल साफ करत बसतात.

पाणी

इंजिन मागे, रेडिएटर पुढे. मध्ये गाडीभर लांब पाइप आणि 16-17 लिटर कूलंट. सुबारूचा थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) इंजिनाच्या परतीच्या वाटेवर असतो आणि हीटरमधून फिरून आलेलं गरम पाणी लागलं तरच वेळेवर उघडतो. व्हॅनागनच्या हीटरला मात्र बंद होणारा व्हॉल्व्ह आहे. म्हणून हीटर बंद असतानाही गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत जाईल अशी एक बायपास नळी ठेवायलाच हवी.

हवा काढताना गाडीची पुढची बाजू फूट-सव्वा फूट उचला, वरच्या जाळीमागचा रेडिएटरचा स्क्रू सैल करा आणि इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांवर ठेवून कूलंट ओतत राहा. स्क्रूतून बुडबुडे न येता सलग धार लागली की तो आवळा.

पहिली फेरी जवळपासच मारा, घाटात नको. परत आल्यावर खाली वाकून गळती बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पुन्हा बघा; राहिलेली हवा रात्रीतून निघते आणि पातळी उतरते. ड्राइव्हशाफ्टचे बोल्ट शंभरेक मैलांनी पुन्हा आवळा. आणि ब्रेक अजून गाडीच्या जन्मापासूनचेच असतील, तर लांबच्या प्रवासाची तारीख त्यांचं काम झाल्यावरच ठरवा.