चेक-इन काउंटरवर काय विचारतात, काय बोलायचं: खान्देशातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जुलै संपत आला की अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा इकडून फोन सुरू होतात. सप्टेंबरात इथली, म्हणजे कॅनडातली, कॉलेजं उघडतात, त्यामुळे निघणारी पोरं जास्त. त्यांच्या जोडीला सुनेच्या बाळंतपणाला येणारी कुणाची आई, रिटायर झालेले कुणाचे वडील. मी बऱ्याच वर्षांपासून टोरंटोच्या बाजूला राहतो, म्हणून माझा नंबर गावाकडे फिरत असतो. व्हिसा झालेला असतो, तिकीट हातात असतं, आणि घोर एकाच गोष्टीचा: विमानतळावर ते इंग्रजीत काय काय विचारतील, आणि आते कसं करू?

तर ऐका. चेक-इन काउंटरवर, म्हणजे बॅगा देऊन बोर्डिंग पास घेतात तिथे, इंग्रजी फार थोडं लागतं. एसटीचा कंडक्टर जसा "कुठं? किती?" एवढंच विचारतो, तसे काउंटरवरचेही प्रश्न ठरलेले असतात. गोत्यात येतो तो इंग्रजी न येणारा नव्हे, तर न समजलेल्या प्रश्नाला मान हलवून "यस, यस" म्हणणारा. म्हणून सगळ्यात आधी एकच वाक्य पाठ करा: "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली प्लीज?" म्हणजे, परत सांगाल का, जरा हळू. हे दोनदा म्हणावं लागलं तरी समोरचा चिडत नाही. त्याचं दिवसभराचं काम तेच आहे.

त्याआधी तारखेचं बघा. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ०१:३० लिहिलं असेल, तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्री दहाच्या सुमाराला विमानतळावर उभं राहायचं आहे. जळगाव-भुसावळकडची माणसं रेल्वेने कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरतात, नंदुरबारची सुरतवरून येतात, धुळ्याची बहुतेक बसने. गाडी लेट होणार हे धरूनच चाला आणि शक्यतो आदल्या दिवशी मुंबई गाठा. काउंटर विमान सुटण्याच्या तास-सव्वा तास आधी बंद होतं, आणि बंद झालेलं काउंटर कितीही चांगल्या इंग्रजीने उघडत नाही.

मुंबईच्या काउंटरवर तर निम्म्या वेळा मराठी किंवा हिंदी चालून जातं. "मराठीत बोललं तर चालेल का?" असं सरळ विचारा, लाज कसली. खरं इंग्रजी लागतं ते मधल्या विमानतळावर, फ्रँकफर्ट, लंडन किंवा दोहाला, आणि आईवडील परत निघतात तेव्हा टोरंटोच्या काउंटरवर. म्हणून मुंबईत मराठी चालत असलं तरी दोन-चार वाक्यं इंग्रजीत बोलून बघा. सराव होतो.

सुरुवात अशी होते. तुम्ही जाता, "हॅलो" म्हणता, पासपोर्ट पुढे करता आणि म्हणता, "चेकिंग इन फॉर टोरंटो." पासपोर्ट मागितला तर "हिअर यू आर". "फायनल डेस्टिनेशन?" असं विचारलं तर शेवटचं शहर सांगायचं, मधलं नाही. विमान दोह्याला बदलायचं असलं तरी उत्तर टोरंटोच.

नावात आपल्या लोकांचा गोंधळ होतो. "लास्ट नेम" किंवा "सरनेम" म्हणजे आडनाव, "गिव्हन नेम" म्हणजे पासपोर्टवर त्या रकान्यात जे लिहिलंय ते सगळं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिथे असेल तर त्यासकट. बाईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि पोराने तिकीट काढलं सासरच्या नावाने, असं पुष्कळदा होतं. हे घरी असतानाच एजंटकडून दुरुस्त करून घ्या, काउंटरवर ते निस्तरत बसायला कुणाला वेळ नसतो. स्पेलिंग सांगायची वेळ आली तर अक्षराला शब्द जोडा: "बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली." वाघ, वाणी, सोनवणे, बाविस्कर मंडळींनी विशेष लक्ष द्या, कारण आपल्या तोंडी व्ही आणि डब्ल्यू जवळपास एकच. डब्ल्यू म्हणताना "डबल यू" असं तोडून म्हणा. बुकिंगचा जो सहा अक्षरी कोड असतो, पीएनआर, तोही असाच एकेक अक्षर सुटं करून सांगायचा. आणि कॅनडात झेडला झेडच म्हणतात, "झी" अमेरिकेत.

मग बॅगा. "हाऊ मेनी बॅग्ज आर यू चेकिंग इन?" उत्तर: "टू बॅग्ज, अँड वन हँड बॅग." कॅनडाच्या तिकिटावर बऱ्याच वेळा २३-२३ किलोच्या दोन बॅगा असतात, पण स्वस्त तिकिटात एकच किंवा तीही नसते, तेव्हा तिकिटावर काय छापलंय तेच खरं. हँडबॅग साधारण ७-८ किलो. गावातल्या भुसार दुकानाच्या काट्यावर बॅग चढवून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही. वजन २२ वर थांबवा, कारण तुमचा काटा आणि त्यांचा काटा एक बोलेलच असं नाही. तरीही "युअर बॅग इज ओव्हरवेट" ऐकू आलं, तर घाबरून पैसे काढू नका. आधी विचारा: "कॅन आय मूव्ह सम थिंग्ज टू द अदर बॅग?" बाजूला होऊन बॅग उघडायला मुभा असते. ते जमलंच नाही तर "हाऊ मच इज द एक्स्ट्रा चार्ज?" आणि एका बॅगेत ३२ किलोच्या वर गेलात तर बहुतेक कंपन्या पैसे घेऊनही ती बॅग नेत नाहीत.

यानंतरचे दोन प्रश्न सगळ्यात महत्त्वाचे. "डिड यू पॅक युअर बॅग्ज युअरसेल्फ?" (बॅगा स्वतःच भरल्या का?) आणि "हॅज एनीवन गिव्हन यू एनिथिंग टू कॅरी?" (कुणी काही न्यायला दिलंय का?) पहिल्याचं उत्तर "यस", दुसऱ्याचं "नो", आणि दोन्ही खरी असायला हवीत. आपल्याकडे अडचण इथेच होते. कुणी परदेशी चाललंय म्हटलं की आळीतली चार माणसं चार पुडकी घेऊन येतात: "माझ्या पोराला एवढे बिबडे दे भो, ब्रॅम्प्टनलाच आहे." नाही म्हणता येत नाही, मला माहीत आहे. घ्या, पण बंद पुडकं घेऊ नका. समोर उघडून, कुरडया म्हणजे कुरडयाच आहेत ना ते बघून, आपल्या हाताने बॅगेत ठेवा. चिकटपट्टी मारलेला, शिवून टाकलेला डबा असेल तर मावशी रागावल्या तरी परत द्या. आणि काउंटरवर विचारलं तर लपवू नका: "सम फूड फ्रॉम अ फ्रेंड्स फॅमिली. आय चेक्ड अँड पॅक्ड इट मायसेल्फ." हे उत्तर चालतं. न समजता "यस" म्हणालात तर मात्र बॅग उघडली जाऊ शकते.

खाण्याचंच निघालं आहे तर खोबऱ्याचं सांगतो. खान्देशी मसाल्याला सुकं खोबरं लागतंच, म्हणून आया वाट्याच्या वाट्या बॅगेत भरतात. विमानाच्या नियमात सुकं खोबरं ज्वालाग्राही माल धरलेलं आहे. तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून. २०२२ मध्ये आपल्याकडच्या विमान सुरक्षा खात्याने चेक-इन बॅगेच्या बंदीच्या यादीतही ते घातलं. वाट्या नकोत, घरूनच मसाला भाजून कुटून आणा. लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत, तेही दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून, कारण हँडबॅगेत १०० मिलीच्या वर पातळ पदार्थ जात नाही आणि लोणच्याचा तेलकट खार पातळच धरतात. पूजेच्या सामानातला कापूर आणि काडेपेटी दोन्ही बॅगांतून काढा. पॉवर बँकेचं बरोबर उलटं आहे: ती चेक-इन बॅगेत अजिबात नको, हँडबॅगेतच हवी. त्याबद्दलचा प्रश्न असा येतो: "एनी पॉवर बँक ऑर लूज बॅटरीज इन युअर चेक्ड बॅग्ज?" उत्तर: "नो, इट्स इन माय हँड बॅग." आणि कॅनडात उतरल्यावर खाण्याचं जे काही आणलंय ते सगळं घोषित करायचं. पापड, मसाले, शेव यांचं सहसा काही होत नाही, पण न सांगता सापडलं तर दंड बसतो.

एक बारीक गोष्ट आहे, शाळेत कुणी शिकवत नाही. काउंटरवरची बाई विचारते, "यू डोन्ट हॅव एनी लायटर्स, राइट?" मराठीत आपण "हो, नाही आहेत" म्हणतो, त्यामुळे तोंडातून पटकन "यस" निघतं. तिच्या कानाला ते "आहेत" असं लागतं. प्रश्न कसाही फिरवून आला तरी वस्तू नसेल तर "नो", असेल तर "यस". आणि मान डावी-उजवी डोलवू नका, त्यांना ती कळत नाही.

सीटचं लवकर आटपतं. "विंडो ऑर आइल?" आइल म्हणजे मधल्या वाटेच्या बाजूची. वयस्कर माणसांनी "आइल, प्लीज" म्हणावं, रात्री बाथरूमला जाताना दोघांना उठवावं लागत नाही. जेवणाचं आणि व्हीलचेअरचं काउंटरवर फक्त विचारून खात्री करायची, नोंद मात्र तिकिटासोबतच किंवा निदान दोन दिवस आधी झालेली हवी. "इज माय व्हेजिटेरियन मील कन्फर्म्ड?" जैन जेवण हवं असेल तर "जैन मील" असंच म्हणा, नोंदीत ते वेगळं असतं. आईवडिलांसाठी व्हीलचेअर आवर्जून मागा, चालता येत असलं तरी. मोठ्या विमानतळावर गेट शोधण्याची त्यांची अर्धी काळजी मिटते, सोबत माणूस असतो. "वुई हॅव बुक्ड अ व्हीलचेअर फॉर माय मदर."

विमान बदलायचं असेल तर बॅग सोडण्याआधी हे विचाराच: "इज माय बॅग चेक्ड थ्रू टू टोरंटो, ऑर डू आय हॅव टू कलेक्ट इट?" म्हणजे, बॅग थेट टोरंटोला जाईल की मध्ये घ्यावी लागेल? दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर बॅग मध्येच उतरवून परत द्यावी लागू शकते. बॅगेला कागदाची पट्टी चिकटवतात, तिच्यावर कुठल्या विमानतळाची तीन अक्षरं आहेत ते स्वतः बघा. टोरंटोच्या पिअरसन विमानतळाची वायवायझेड. दुसरं काही दिसलं तर तिथेच बोट ठेवून विचारा.

गेटचा नंबर ऐकताना थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी हे हमखास घोळ घालतात. परत विचारताना अंक सुटे करा: "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?" मग "व्हॉट टाइम इज बोर्डिंग?" बोर्डिंग पासवर लिहूनच द्या म्हणालात तर लिहून देतात: "कुड यू राइट इट डाउन, प्लीज?"

कागदपत्रं विमान कंपनीवाले काउंटरवर बघतात, कारण कागद नसलेला माणूस इकडे आणला तर दंड त्यांना होतो. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं प्रवेशपत्र आणि स्टडी परमिट मंजूर झाल्याचं पत्र हातात ठेवावं, बॅगेत नाही. खरा परमिट इथे उतरल्यावर मिळतो, त्यामुळे "व्हेअर इज युअर स्टडी परमिट?" विचारलं तर ते पत्र दाखवून म्हणायचं, "दिस इज द अप्रूव्हल लेटर. आय विल गेट द परमिट ऑन अरायव्हल." आईवडिलांना विचारतील, "व्हेअर विल यू बी स्टेइंग? फॉर हाऊ लाँग?" उत्तर तेवढंच: "विथ माय सन, इन मिसिसागा. थ्री मंथ्स." नातवाच्या बारशापासून सुरुवात करू नका. मधल्या विमानतळावर गेटजवळ हे कागद पुन्हा बघतात आणि कधी नाव पुकारतात. आपल्या पाटीलचं तिथे "पॅटल" होतं, चौधरीचं काहीही होऊ शकतं, तेव्हा स्वतःच्या नावासारखं काही कानावर आलं की उठून काउंटरवर जा आणि विचारा: "डिड यू कॉल माय नेम?"

शेवटी बॅगेच्या पट्टीची जी छोटी चिठ्ठी बोर्डिंग पासच्या मागे किंवा पासपोर्टला चिकटवून देतात ती फेकू नका. बॅग आली नाही तर बॅगा येतात त्या सरकत्या पट्ट्याजवळच्या बॅगेज काउंटरवर त्या चिठ्ठीवरच शोध सुरू होतो: "माय बॅग हॅज नॉट अराइव्ह्ड. हिअर इज माय टॅग." घरी पोहोचवायला ते पत्ता आणि फोन मागतात. मुलाचा इथला पूर्ण पत्ता, पोस्टल कोडसकट, इंग्रजीत कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण उतरल्या उतरल्या फोनला रेंज असेलच असं नाही.